सुटणारा ढग

पडद्यावर दिसते आहे ती व्हेंच्युरी नळी, मध्ये आवळलेली आणि पुढे हळूहळू रुंदावणारी. या गळ्यातून जाताना पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि २० अंश सेल्सिअसला तो सुमारे २.३ किलोपास्कलच्या खाली गेला की चुलीवाचून पाण्याला उकळी फुटते. हेच कॅव्हिटेशन. भिंतीलगत बाष्पाचा पांढरा पापुद्रा लांबत जातो, त्याच्या शेपटीपाशी पाण्याची एक पातळ धार उलटी वळते, भिंतीला धरून मागे येत पापुद्र्याचे मूळ कापते, आणि सुटलेला तुकडा ढगासारखा गडगडत वाहून जातो. पुढे दाब वाढताच तो कोसळतो. पंपांच्या पात्यांवर पडणारे खड्डे ही त्या कोसळण्याचीच करणी.

संगणकाच्या गणितात मात्र हा ढग सुटेचना. प्रत्येक भोवरा मोजणे परवडत नाही, म्हणून वेगाची सरासरी घेऊन भोवऱ्यांचा परिणाम जादा श्यानतेच्या, म्हणजे मानीव चिकटपणाच्या, रूपाने समीकरणात घालतात. के-एप्सिलॉनसारखी ही प्रतिमाने जवळपास एकसारख्या घनतेच्या प्रवाहांवर बेतलेली आहेत. येथे तर पाणी आणि बाष्प यांच्या घनतेत पन्नास हजार पटींहून अधिक तफावत असते. मिश्रणात चिकटपणा इतका फुगतो की उलटी धार वाटेतच विरते आणि पापुद्रा जागच्या जागी बसून राहतो.

१९९८ साली रेबू, स्टुट्झ आणि कुतिए यांनी सुचवलेली दुरुस्ती एका ओळीची आहे. श्यानतेच्या सूत्रात घनतेच्या जागी तिचे असे फल (फंक्शन) घालायचे, की बाष्प मिसळताच ते झपाट्याने उतरावे. या फलातला घातांक बहुधा १० घेतात. मग निम्मे बाष्प असलेल्या मिश्रणात, इतर राशी तशाच धरल्या तर, श्यानता सुमारे ५०० पटींनी घटते. धार मुळापर्यंत पोचते, ढग सुटू लागतो. हा १० कोणत्याही सिद्धांतातून आलेला नाही. ठिगळच ते, पण नेमक्या जागी लावलेले.

२०१६ साली मिशिगन विद्यापीठातील गणेश, माकिहार्यु आणि सेसिओ यांनी पाचरीवरच्या अशाच पापुद्र्याची क्ष-किरणांनी घनता मोजली, तेव्हा निराळेच कारण पुढे आले. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो, बुडबुड्यांच्या मिश्रणात तोच वेग फार खाली येतो. त्यामुळे बाष्प पुरेसे दाटले की मिश्रणातून मागे सरकणारा आघात-तरंगच, म्हणजे दाबाची एकाएकी उडी घेणारी लाटच, पापुद्रा तोडतो. मिश्रण दबतच नाही असे धरलेल्या गणितात हा तरंग उमटू शकत नाही, त्यामुळे तेथे ढग अगदी वेळच्या वेळी सुटताना दिसला, तरी तो कशाने सुटला हे वेगळे तपासावे लागते.