सँडीगेटचा उतार

सँडीगेटचा फोटो बघून कॅमेरा तिरका धरलाय असं वाटेल. कॅमेरा सरळच आहे. कललंय ते मैदान.

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या पश्चिम टोकाला, क्रॉसपूलच्या चढावर हे सँडीगेट. १८०४ पासून इथे क्रिकेट खेळलं जायचं. १८६० मध्ये त्याच क्रिकेटवाल्यांनी फुटबॉलचा क्लब काढला, हॅलम एफसी. गावात आधीपासून एकच क्लब होता, १८५७ चा शेफील्ड एफसी, जगातला सगळ्यात जुना. मग काय, २६ डिसेंबर १८६० ला दोघे याच उतारावर भिडले. हॅलम ०-२ ने हरलं. पण दोन वेगळ्या क्लबांमधला हा जगातला पहिला फुटबॉल सामना मानतात, आणि गिनीज बुकात सँडीगेटची नोंद आहे ती जगातलं सर्वात जुनं फुटबॉल मैदान म्हणून.

शेजारी म्हटलं की भांडण आलंच. डिसेंबर १८६२, शेफील्डमधलंच ब्रॅमॉल लेन मैदान. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, कामगारांवर उपासमारीची वेळ आली. (त्याच टंचाईने इकडे मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांवर पैशांचा पाऊस पडत होता.) त्या कामगारांच्या मदतीसाठी सामना ठेवला, आणि मदतीच्या सामन्यात मारामारी झाली! शेफील्डच्या क्रेसविकशी झटापट झाल्यावर हॅलमचा एक गडी जाकीट काढून अंगावर धावून गेला. प्रेक्षक मैदानात घुसले. शेवटी त्या गड्याला शिक्षा काय? गोलात उभं केलं. तीन तास खेळून निकाल ०-०. नंतर दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्रांत पत्रं धाडून आपापली बाजू मांडली, ते वेगळंच.

आता हॅलमच्या चषकाची गोष्ट. १८६७ साली शेफील्डचे नाटकगृहवाले थॉमस यूडन यांनी स्पर्धा भरवली, बारा क्लबांची. एफए कप ही इंग्लंडची प्रसिद्ध फुटबॉल स्पर्धा सुरू व्हायला अजून चार वर्षं होती. अंतिम सामन्यात हॅलमने नॉरफोक क्लबला हरवलं, तेही एकही गोल न करता. शेफील्डच्या नियमांत गोलाच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक निशाण असायचं. चेंडू गोल चुकून त्या निशाणांच्या आतून गेला आणि हल्ला करणाऱ्याने धावत जाऊन त्याला हात लावला, तर मिळायचा एक 'रूज'. गोल बरोबरीत असले की रूज मोजायचे. हॅलमचे दोन, नॉरफोकचा एकही नाही.

पुढे चषक हरवला. कुठे, कसा, कुणी सांगत नाही. १९९७ मध्ये स्कॉटलंडच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे तो सापडला आणि हॅलमने दोन हजार पौंड मोजून परत आणला. स्वतःच जिंकलेला चषक स्वतःच विकत घ्यायचा! नंतर टीव्हीवरच्या एका जाणकाराने त्याची किंमत लाखभर पौंड सांगितली.

मैदानावर मात्र हॅलमने पुन्हा असं काही मोठं मिळवलं नाही. प्रीमियर लीगपासून कितीतरी पायऱ्या खाली, नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीगमध्ये त्याचे हंगामामागून हंगाम गेले. खेळाडू आठवडाभर नोकऱ्या सांभाळून येणारे. जुना वैरी शेफील्ड एफसी तर २००१ मध्ये शहराबाहेर, ड्रॉनफील्डला गेला. हॅलम अजून इथेच आहे.

नाणं उडालंय. जिंकलेल्या कप्तानाने आधी उताराकडे बघितलं, मग वाऱ्याकडे.