हर्ट्झ यांना न दिसलेलं वळण

श्रोतेहो, नमस्कार.

काचेची एक नळी डोळ्यांसमोर आणा. आतली बहुतेक हवा पंपाने काढलेली. एका टोकाला कॅथोड, म्हणजे विजेच्या ऋण टोकाला जोडलेला धातूचा तुकडा. त्याला भरपूर विद्युतदाब दिला की त्यातून किरण निघतात आणि पलीकडच्या काचेवर ठिपका चमकतो. हे किरण म्हणजे ईथरमधल्या, म्हणजे तेव्हा सगळीकडे भरलेलं मानलं जाणाऱ्या एका अदृश्य माध्यमातल्या लाटा, असं बऱ्याच जर्मन शास्त्रज्ञांचं मत. इंग्रज म्हणत, हे ऋणप्रभारित कण.

निवाडा सोपा वाटत होता. किरणाच्या वर-खाली धातूच्या दोन पट्ट्या बसवायच्या, एकीला बॅटरीचं धन टोक जोडायचं, दुसरीला ऋण. कण असतील तर ते धन पट्टीकडे ओढले जाणारच. हाइनरिश हर्ट्झ यांनी 1883 मध्ये हे करून पाहिलं. हो, तुमच्या रेडिओवरच्या किलोहर्ट्झमधले हर्ट्झ तेच. ठिपका जागचा हलला नाही.

1897 मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी तोच प्रयोग केला, आणि सुरुवातीला त्यांच्याही पदरी तेच आलं. पण त्यांना संशय आला तो नळीत उरलेल्या वायूचा. किरणांमुळे त्या वायूत धन आणि ऋण आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू-रेणू, तयार होतात. धन आयन ऋण पट्टीकडे सरकतात, ऋण आयन धन पट्टीकडे, आणि मधलं विद्युत क्षेत्र जवळजवळ पुसून टाकतात. किरणाला ओढ जाणवणार कुठून? थॉमसन यांनी नळीतला वायू आणखी काढला. मग अवघ्या 2 व्होल्टलाही ठिपका सरकला! याच कणांना पुढे इलेक्ट्रॉन म्हणू लागले, आणि त्यांच्या शोधात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पंपाची चिकाटी.

पट्ट्यांमधली कणाची वाट गच्चीवरून आडव्या फेकलेल्या चेंडूसारखी असते. पुढचा वेग कायम, पट्टीकडे जाण्याचा वेग क्षणोक्षणी वाढता. बाहेर पडल्यावर पुन्हा सरळ रेषा. मात्र चेंडू जड असो वा हलका, सारखाच पडतो. इथे तसं नाही. प्रभार आणि वेग सारखे असतील, तर हलका कण जास्त वळतो.

म्हणून वळणावरून कण किती हलका ते काढायचं, तर वेग आधी कळायला हवा. थॉमसन यांनी विद्युत क्षेत्राच्या ओढीला चुंबकीय क्षेत्राची उलट ओढ लावली. दोन्ही बरोबरीत येऊन ठिपका मूळ जागी आला, की दोन क्षेत्रांचा भागाकार म्हणजेच कणाचा वेग. तो प्रकाशवेगाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका निघाला. त्यावरून काढलेलं प्रभार आणि वस्तुमानाचं गुणोत्तर हायड्रोजन आयनाच्या सुमारे हजारपट आलं. नळीत वायू कोणताही असो, कॅथोड कोणत्याही धातूचा असो, उत्तर साधारण तेच येत राहिलं.