प्रतिध्वनी थोडा विसरभोळा हवा

कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला म्हणून संयोजक मघापासून माझी माफी मागतायत. मी म्हटलं, अहो, विषयच डिलेचा आहे, शोभून दिसतं. फक्त तो उशीर माझ्या वेळेतून कापू नका. ते गोड हसले. म्हणजे कापणार.

पत्रिकेत विषय छापलाय 'ॲनालॉग डिले पेडल: निवड आणि वापर'. डिले पेडल म्हणजे गिटारची नोट थोड्या उशिराने पुन्हा पुन्हा ऐकवणारी, पायाने चालू-बंद करायची डबी. त्यावर बोलणार आहेच. पण आधी माझं एक जुनं म्हणणं ऐकून घ्या, घरात आता कुणी ऐकत नाही. माझं म्हणणं असं, की चांगला डिले थोडा विसरभोळा असतो. तुम्ही नोट वाजवली, ती परत आली, की तिची धार जराशी गेलेली असावी. पुढच्या खेपेला आणखी थोडी. चौथ्या-पाचव्या खेपेला ती नोट होती की नुसता भास, असं वाटावं. मग परत येणाऱ्या नोटा तुमच्या नव्या नोटांच्या पायात येत नाहीत. साधा, स्वच्छ डिजिटल डिले काहीच विसरत नाही. तुम्ही बोलताय आणि शेजारी बसलेला तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात, तितक्याच ठसक्यात पुन्हा म्हणतोय. किती वेळ सहन कराल? मला पुष्कळजण सांगतात की डिजिटलमध्येही आता ट्रेबल, म्हणजे आवाजाची वरची धार, कापायची सोय असते. असते. मला मान्य आहे. पुढे जाऊ.

हा विसरभोळेपणा पेडलमध्ये कुणी हौसेने घातलेला नाही. १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर या दोघांनी एक सर्किट काढलं, त्याचं नाव बकेट ब्रिगेड. आग लागली की लोक विहिरीपासून रांग लावतात आणि पाणी हातोहात पुढे जातं, तीच कल्पना. फरक एवढाच, की इथे बादल्या जागच्या हलत नाहीत. प्रत्येकजण आपल्या बादलीतलं पाणी शेजारच्याच्या बादलीत ओततो. बादली म्हणजे कपॅसिटर आणि पाणी म्हणजे त्यातला चार्ज. आता शेजारच्याची बादली भरलेली असेल तर ओतणार कुठे? म्हणून एका वेळी निम्म्याच बादल्या भरलेल्या असतात. मात्सुशिता या जपानी कंपनीची एमएन ३००५ ही जी चिप गिटारवाल्यांच्या तोंडी असते, तिच्यात अशा ४०९६ बादल्या. म्हणजे कुठल्याही क्षणी तुमच्या आवाजाचे २०४८ तुकडे रांगेत उभे.

आता गणित करा, सोपं आहे. ३०० मिलिसेकंदांचा उशीर हवा, तर हे २०४८ तुकडे तेवढ्या वेळात बाहेर पडायला हवेत. सेकंदाला साधारण ६८०० तुकडे झाले. सीडीवर सेकंदाला ४४१०० असतात. आणि नियम असा, की जितके तुकडे, त्याच्या निम्म्याच फ्रीक्वेन्सीपर्यंतचा आवाज धड सांभाळता येतो. म्हणजे ३४०० हर्ट्झ. त्याच्या वरचं सगळं आत जाण्याआधी गाळावं लागतं, नाहीतर भलतेच सूर उमटतात. बाहेर पडतानाही गाळावं लागतं, नाहीतर क्लॉकची, म्हणजे बादल्या ओतायचा ठेका देणाऱ्या सर्किटची, शिट्टी ऐकू येते. फीडबॅकमधून, म्हणजे बाहेर आलेलं परत आत सोडणाऱ्या वाटेने, आवाज पुन्हा रांगेत शिरला की पुन्हा तीच गाळणी. झाला विसरभोळा. गिटार ॲम्पचा स्पीकर तसाही पाच हजारांच्या आसपास मान टाकतो, म्हणून हा तोटा कानाला तोटा वाटत नाही.

जाता जाता एक सांगतो, मग तुम्ही मला मारा. आवाजाचे तुकडे पाडले, म्हणजे ही वस्तू काटेकोरपणे ॲनालॉग म्हणायची का? प्रत्येक बादलीत पाणी कितीही असू शकतं, त्याचा आकडा कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून ॲनालॉग. पण वेळेचे तुकडे पडतातच. हे मी ॲनालॉगवाल्यांच्या बैठकीत बोललो की लोक खुर्ची जरा लांब सरकवतात.

पण गंमत बघा. त्या काळच्या इंजिनिअर मंडळींनी या मंद, सूं-सूं करणाऱ्या आवाजाशी अक्षरशः झुंज घेतली. सूं-सूं दाबायला आत जाताना आवाज आवळायचा आणि बाहेर येताना सैल सोडायचा, म्हणजे कंपॅंडर, हे सगळं त्यांनी केलं. १९८३ साली बॉस कंपनीचा डीडी-२ आला, छोट्या पेडलच्या डबीत डिजिटल डिले, आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकून ॲनालॉग पेडलं अडगळीत टाकली. मग २०१४ साली बॉसनेच आपला जुना ॲनालॉग डीएम-२ नव्याने काढला. ज्या दोषाशी झुंजले त्याच दोषाला गिऱ्हाईक लागलं.

गिऱ्हाइकावरून आठवलं. मी स्वतः.

मी एक जुनं पेडल घेतलं, वापरलेलं. कुठलं ते सांगत नाही, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. विकणाऱ्याने दोनदा सांगितलं, आत 'ती' चिप आहे. मी पैसे मोजले. घरी येऊन लावलं, तर रिपीट जरा फाटलेले येत. जोरात वाजवलं की खरखर. मी म्हटलं, व्वा, याला म्हणतात जुन्या पेडलचं व्यक्तिमत्त्व. मित्रांना बोलावून ऐकवलं. तेही डोळे मिटून माना डोलवू लागले. एकाने 'उबदार' हा शब्द वापरला. त्या शब्दावर आता बंदी घालायला हवी, पण तो वेगळा विषय. दोन वर्षं मी त्या खरखरीवर बोलत होतो. असंच, उभं राहून, लोकांसमोर. तुमच्यातले काही तेव्हाही होते, ते आत्ता हसतायत ते मला दिसतंय.

मग एकदा स्विच खट्याळपणा करू लागला म्हणून ते पेडल दुरुस्ती करणाऱ्या एका काकांकडे नेलं. मितभाषी माणूस. स्विच बदलला आणि सवयीने म्हणाले, "जरा ऐकून बघतो." ऐकलं. माझ्याकडे बघितलं. "असंच वाजतं हे?" मी अभिमानाने हो म्हटलं. "बरं," म्हणाले. पेडलमध्ये एक साधा सूर सोडला, चिपमधून आवाज जिथून बाहेर पडतो त्या पायाला ऑसिलोस्कोपची सुई टेकवली आणि पडदा माझ्याकडे वळवला. लाट खाली छान गोल होती. वर मात्र वस्तऱ्याने कापल्यासारखी सपाट. त्यांनी प्लॅस्टिकचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, बोर्डावरचा ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा ट्रिमपॉट, म्हणजे आतला छोटा नॉब, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला, आणि वरची बाजू हळूहळू गोल झाली. एवढंच. लाट मध्यावर ठेवणारा, चिपला मिळणारा बायस व्होल्टेज सरकलेला होता. वर्षानुवर्षांत सरकतो, किंवा कुणीतरी हात लावलेला असतो.

"आता वाजवा." वाजवलं. रिपीट स्वच्छ, मऊ, गोल. आणि मला अजिबात आवडले नाहीत! खरं सांगतो. दोन वर्षांची सवय. मी विचारणारच होतो की परत बिघडवून द्याल का.

तेवढ्यावर भागलं नाही. मी म्हटलं, काका, चिप मात्र अस्सल आहे ना? त्यांनी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून चिपच्या पाठीवरून फिरवला. नाव चिपवरून निघून कापसावर आलं. खाली कोरा काळा प्लॅस्टिक. त्यांनी तो बोळा टेबलावर ठेवला, चिप परत सॉकेटमध्ये बसवली आणि म्हणाले, "चालतेय ना?"

तेव्हापासून कुणी मला चिपचा नंबर सांगू लागला की मला तो कापूस दिसतो. एमएन ३००५ चांगली चिप आहे, वाद नाही. ती १५ व्होल्टवर चालवायची, पुढे आलेली एमएन ३२०५ पाच व्होल्टवर, म्हणून भोवतीचं सगळं सर्किट वेगळं. एकीच्या जागी दुसरी खुपसू नका. पण कानाला जे ऐकू येतं त्यात गाळण्या, कंपॅंडर आणि ट्रिमपॉट कसे लावलेत याचा वाटा इतका मोठा आहे, की एकच चिप असलेली दोन पेडलं...

किती? सात मिनिटं? पत्रिकेतला विषय अजून सुरूच झालेला नाही. बरं, धावत जाऊ.

निवड. आधी ठरवा, उशीर किती हवा. आवाज नुसता जाड करायचा असेल, किंवा १०० ते १२० मिलिसेकंदांचा टप्पकन परत येणारा स्लॅपबॅक हवा असेल, तर ३०० मिलिसेकंदांचं पेडल भरपूर झालं. ठेक्याशी बांधलेले रिपीट हवे असतील तर साठ हजारांना टेम्पोने भागा. १२० च्या टेम्पोला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ३७५ ची. यू टू बँडचा गिटारवाला एज याने सुरुवातीच्या दिवसांत मेमरी मॅन या ॲनालॉग डिलेवर जे ठेक्यातले रिपीट वाजवले, ते या जातीचे. तिथे ३०० चं पेडल अपुरं पडतं. ६०० वाल्यात सहसा दोन चिपा एकामागे एक जोडतात.

दुकानात नुसता कॉर्ड झणकारून पेडल घेऊ नका. वेळेचा नॉब पूर्ण पुढे न्या, फीडबॅक मध्यावर ठेवा, एकच नोट वाजवून लगेच हाताने दाबा आणि चौथा रिपीट ऐका. पहिला सगळ्यांचाच चांगला असतो. चौथ्यात नोट कुठली ते ओळखू आलं पाहिजे. मग न वाजवता ऐका, मागे शिट्टी येते का. मग फीडबॅक सावकाश वाढवत न्या. रिपीट संपता संपत नाहीत पण पेडल किंचाळतही नाही, ही जागा नॉबवर किती रुंद आहे ते बघा. काही पेडलांत ती केसाइतकी असते, स्टेजवर सापडत नाही. पेडल बंद केल्यावर उरलेले रिपीट विरत जावेत की तिथेच तुटावेत, हेही विचारून घ्या. ट्रू बायपास, म्हणजे बंद केल्यावर सिग्नल पेडलला पूर्ण वगळून जाणारा, असेल तर बहुधा तुटतात. टॅप टेम्पो, म्हणजे पायाने ठेका देऊन वेळ ठरवायची सोय, असेल तर आत क्लॉक चालवणारा छोटा डिजिटल मेंदू असतो, आवाज तरीही बादल्यांतूनच जातो. नाक मुरडू नका. वीज जमल्यास वेगळ्या आउटपुटवरून द्या. दोन क्लॉकवाली पेडलं एकाच तारेवर असली की दोन्ही मिळून तिसरीच शिट्टी घालतात.

वापर. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारं पेडल, आधी, डिले नंतर. उलटं केलंत तर सगळे रिपीट एकत्र फाटतात. मुद्दाम करायचं असेल तर करा. ॲम्पचंच डिस्टॉर्शन वापरत असाल तर ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायच्या वाटेत, लावा, पण लूपचा सिग्नल दांडगा असेल तर चिपला झेपत नाही. मग ती खरखर येते. हो, तीच. मिक्स, म्हणजे मूळ आवाजात मिसळलेला डिले, इतका ठेवा, की चालू असताना डिले जाणवू नये आणि बंद केल्यावर खोली रिकामी वाटावी. नवशिका मिक्स मध्यावर ठेवतो. मीही ठेवायचो.

एक राहिलं. नोट घुमत असताना वेळेचा नॉब फिरवला तर सूर घसरतो. बादल्यांत आधीच भरलेलं पाणी आता वेगळ्या गतीने बाहेर पडतं, म्हणून. क्लॉक मंदावला की सूर खाली, वाढवला की वर. हे सांगून कळत नाही, ऐकावं लागतं. तो ॲम्प तेवढा चालू करा कुणीतरी. नाही नाही, दोन मिनिटं अजून आहेत, मी घड्याळ बघितलंय. पुढच्या रांगेतल्यांनी कानांवर हात ठेवायला हरकत नाही, फीडबॅक मी आता पूर्ण फिरवतोय.