खान्देशात थंडी येते तेव्हा

हा समोर दिसतोय ना, तो सातपुडा. पावसाळ्यात ढगात असतो, ऑक्टोबरमध्ये उन्हाच्या झळांमागे, आणि दिवाळी झाली की एखाद्या सकाळी अचानक जवळ सरकून आल्यासारखा स्वच्छ दिसायला लागतो. जळगाव जिल्ह्यातल्या यावल, रावेरकडे थंडी आलेली अशीच कळते.

त्याआधीचा ऑक्टोबर मात्र जीव काढतो. पाऊस परत गेलेला, आभाळ मोकळं, ऊन थेट डोक्यावर, त्यात जमिनीत अजून ओल असते म्हणून नुसत्या घामाच्या धारा. कापूस वेचायला बायका सकाळी लवकरच निघतात, दुपारी शेतात उभं राहवत नाही. मग हळूहळू जमीन वाळते, वारा फिरतो, उत्तरेकडची कोरडी हवा यायला लागते, आणि रात्री आभाळात ढगच नसतात त्यामुळे दिवसभर तापलेल्या जमिनीतली ऊब सगळी वर निघून जाते आणि पहाटे पायाशी पडलेली गोधडी ओढून घ्यावी लागते. दुपारी टी-शर्ट, पहाटे स्वेटर. मला विचाराल तर वर्षातले सगळ्यात भारी दिवस हेच, कारण मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर गेलेला असतो, तो सोसलेल्या माणसालाच ह्या गारव्याची किंमत कळते.

आणि ह्याच दिवसांत भरताची वांगी येतात. हिरवी, चांगली मोठी, बिया कमी. जळगावच्या ह्या वांग्याला २०१६ साली जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण बामणोद हे यावलकडचं गाव ह्या वांग्यांसाठी ओळखलं जातं, म्हणून बाजारात लोक आधीपासून 'बामणोदची आहेत का' असंच विचारतात. चातुर्मासात बऱ्याच घरांत कांदा-लसूण आणि वांगं बंद असतं, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवतात आणि मग शेताशेतात भरीत पार्ट्या सुरू होतात.

आता ही आग बघा. गॅस नाही, कोळसा नाही, कपाशीच्या वाळक्या काड्या आहेत. भसकन पेटतात आणि तेवढ्याच पटकन विझतात, म्हणून एक जण सारखा काड्या सारत आणि वांगी उलटत बसलेला असतो, धुराने डोळे चुरचुरतात तरी जागा सोडत नाही. साल काळी होऊन तडकते, आतलं पाणी सुटून चर्र आवाज येतो, की काढलं बाहेर. गरम गरमच सोलायचं, बोटं पाण्यात बुडवत बुडवत. मग हिरवी मिरची आणि लसणासोबत लाकडी मुसळीने ठेचायचं, त्यात कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, आणि तेलाला हात आखडायचा नाही! मिक्सरमधलं भरीत खान्देशी माणसाला पटत नाही आणि बरोबरच आहे त्याचं, त्याचा पार लगदा होतो.

तोवर तिकडे पुऱ्या तळून होतात, कुणाच्या घरून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आलेली असते. केळीच्या बागा शेजारीच, त्यामुळे ताटं लागत नाहीत, पान कापायचं, धुवायचं आणि शेकोटीला पाठ करून बसायचं. इथे अजून हवंय का म्हणून कुणी विचारत नाही, पान रिकामं दिसलं की सरळ वाढतात.