सदाफुलीपासून औषध बनतं, पण पानं चावून नाही

खारघर स्टेशनला रिक्षात बसून नुसतं 'टाटा' म्हटलं की रिक्षा ॲक्ट्रेकच्या गेटवर येऊन थांबते. टाटा मेमोरियलचं इथलं कॅन्सरचं हॉस्पिटल आणि रिसर्च सेंटर. इथे येणाऱ्या कितीतरी पेशंटच्या घरी व्हॉट्सॲपवर कुणीतरी मेसेज पाठवलेला असतो, केमो नको, अमुक पाला खा, तमुक काढा प्या. त्यात खोटं काय ते डॉक्टर सांगतातच, पण त्यात खरं किती आहे हे पण कळायला हवं, कारण जे खरं आहे ते फार भारी आहे.

ही सदाफुली बघा. खारघर, बेलापूर, ठाणे, कुठल्याही सोसायटीत सापडेल, कुंडीत लावा नाहीतर कंपाउंडच्या फटीत आपोआप उगवेल. पाच पाकळ्या, मधोमध गडद ठिपका, पाणी घालायला विसरलात तरी फुलतेच. मूळची मादागास्करची. जमैकात लोक शुगरसाठी तिच्या पानांचा चहा प्यायचे म्हणून 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तिचा अर्क उंदरांना देऊन बघितला. शुगर काही उतरली नाही पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. आता ब्लड कॅन्सरमध्ये नेमक्या ह्याच पेशी बेसुमार वाढतात, त्यामुळे शोध तिकडे वळला, आधी विनब्लास्टिन हे औषध मिळालं, मग विनक्रिस्टिन, आणि 1963 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये, त्या काळी फारशी मुलं वाचायची नाहीत. आज विनक्रिस्टिन आणि सोबतची बाकी औषधं मिळून प्रगत देशांत 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात.

हे काम कसं करतं? एका पेशीच्या दोन होताना आत बारीक दोऱ्या तयार होतात, त्या क्रोमोसोम (गुणसूत्रं) दोन बाजूंना ओढून नेतात. विनक्रिस्टिन त्या दोऱ्या तयारच होऊ देत नाही, पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. टॅक्सॉल हे झाडापासूनच मिळालेलं कॅन्सरचं दुसरं औषध, त्याचं बरोबर उलटं, दोऱ्या तयार होतात पण सुटत नाहीत. आणि हे टॅक्सॉल यू नावाच्या अमेरिकन झाडाच्या सालीतून शोधणाऱ्यांमध्ये आपले नंदुरबारचे मनसुख वाणी होते! मुंबई विद्यापीठात शिकले, अमेरिकेला गेले, आणि मन्रो वॉल यांच्यासोबत 1971 मध्ये त्याची रचना जगासमोर आणली. आज ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये ते सर्रास वापरतात.

मग पानंच का नाही खायची? विनक्रिस्टिनचा मोठ्या माणसाचा एक डोस साधारण 2 मिलिग्रॅमच्या वर जात नाही, तो फक्त शिरेतून देतात, आणि तेवढ्यानेही हातापायाची बोटं बधिर होतात. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. त्या पानात अशी डझनावारी अल्कलॉइड्स, म्हणजे झाडं बनवतात ती तीव्र रसायनं, असतात, कुठल्या पानात कोणतं किती हे चावून कुणाला कळणार, आणि त्यातली बरीच विषारी आहेत. कृपा करून घरच्या पेशंटला हा पाला देऊ नका.

हळदीचं पण तसंच. लॅबमध्ये डिशमधल्या कॅन्सरच्या पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य परिणाम करतं, हे खरं आहे. पण माणसाला रोज 8 ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन देऊन बघितलं तरी रक्तात अगदी थोडंच पोचलं, आतडं आणि लिव्हर त्याची लगेच विल्हेवाट लावतात. भाजीत हळद घालाच, पण केमो चालू असताना हळदीच्या कॅप्सूल चालू करायच्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता आपल्या सह्याद्रीतलं नरक्या नावाचं झाड. वाणी आणि वॉल यांनी 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य काढलं, तेच ह्या नरक्यात पण आहे, आणि त्याच्यापासून टोपोटेकन, इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं झाली. त्यामुळेच कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या जंगलात त्याची चोरटी तोड होते, आख्खं झाड जातं, फार वाईट वाटतं बघून. टॅक्सॉलसाठी पण आधी झाडाची साल सोलावी लागायची, आता ते टाक्यांमध्ये वाढवलेल्या झाडाच्या पेशींपासूनही मिळतं. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीसुद्धा कॅम्पटोथेसिन बनवते असं भारतीय शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये दाखवलं, ते मोठ्या प्रमाणावर जमलं तर नरक्यावर कुऱ्हाड चालवायची गरजच राहणार नाही.