बॅटरी काढल्यावर गाडी सिग्नलला बंद पडते? पाच मिनिटं तिला हात लावू नका

नमस्कार मंडळी. "दादा, बॅटरी बदलल्यापासून रेस सोडली की गाडी बंद पडते." ही कमेंट इतक्या वेळा आलीय की आज सरळ गाडीतच बसून बोलतोय. ही माझी होंडा सिटी. पेट्रोल, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. आज सांगतोय ती पद्धत होंडाची. निसानमध्ये ॲक्सिलरेटर ठरावीक सेकंद मोजून दाबायचा असतो, ते बघून इथं पाय नाचवू नका.

बॅटरीचं पटकन सांगतो. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. दहाचा पाना. झालं.

आता बिघडतं काय? ही झडप जिच्यात बसते त्या थ्रॉटल बॉडीत हळूहळू कार्बन बसतो आणि झडपेच्या कडेनं जाणारी हवा कमी होते. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हे शिकत जातो, झडप केसभर जास्त उघडी ठेवतो. बॅटरी काढली की ते शिकलेलं पुसलं जातं. झडप परत नव्या गाडीसारखी, कार्बन मात्र जुनाच! हवा पुरत नाही, गाडी बंद. आणि थ्रॉटल बॉडी साफ करून नीट शिकवलं नाही तर उलटं होतं, आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे, चढून बसतो.

आता शिकवायचं कसं. मोकळ्या जागी या, बंद गॅरेजमध्ये नको, धुरानं जीव जाईल. एसी, ब्लोअर, दिवे, मागच्या काचेचा डिफॉगर, चार्जर, सगळं बंद. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. चावी ऑन करून दोन सेकंद थांबा, मग स्टार्ट. 3,000 आरपीएमवर धरा, रेडिएटरचा फॅन सुरू होईपर्यंत. फॅन लागला की पाय काढा. आता पाच मिनिटं काहीही करायचं नाही.

काहीही म्हणजे काहीही! सगळे इथंच चुकतात.

एका ताईंनी लिहिलं, "तीनदा केलं, होतच नाही." मी विचारलं, एसी बंद होता का? म्हणाल्या, "हो, फक्त उकडलं म्हणून शेवटी जरा लावला." अहो ताई, तो 'जरा'च नको! एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार येतो, ईसीएम त्यासाठी जास्त हवा सोडतो. मग नुसत्या इंजिनला किती हवा लागते हे त्याला कळणार कसं?

दुसरं, एसी चालू असेल तर फॅन एसीसाठीच फिरायला लागतो. इंजिन अजून गार, आणि तुम्हाला वाटतं तापलं. खूणच खोटी ठरते.

तिसरं, आरपीएमचा काटा खाली आला की घाबरून रेस देणारे. माझ्या मावशीच्या गाडीवर हे करत होतो. काटा 700 वरून 500 ला आला, बॉनेट थरथरलं. मावशी ओरडली, "अरे, बंद पडतेय, रेस दे!" नाही दिली. काटा थरथरत 600 ला आला, परत खाली, मग सावकाश वर चढून थांबला. त्या खालीवर होण्यातच ती शिकत असते. तुम्ही रेस दिली की गाडी आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू, राहिलीच नाही, मग शिकणार काय?

अजून एक, या पाच मिनिटांत फॅन मध्येच लागला तर तेवढा वेळ मोजायचा नाही. फॅन दीड मिनिट चालला तर साडेसहा मिनिटं थांबा. मी मोबाइलवर वेळ लावतो आणि फॅन लागला की थांबवतो.

पाय काढल्यावर गाडी दर वेळी बंदच पडत असेल, तर कार्बन जास्त आहे. आधी थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, मग हे सगळं पहिल्यापासून. पण थ्रॉटलचा तो छोटा स्क्रू कुणी पिळायला लागलं तर तिथंच अडवा. तो कारखान्यातच सेट होऊन येतो. कार्बोरेटरच्या जमान्यातली सवय आहे ती. एका गॅरेजवाल्यानं माझ्या मित्राच्या गाडीचा पिळून ठेवला होता, शेवटी अख्खी थ्रॉटल बॉडी बदलावी लागली.

डिझेलवाल्यांनो, तुमच्या गाडीत आयडलिंग डिझेलच्या मात्रेवर चालतं. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

चला, एसी बंद, दिवे बंद, चार्जरही काढला. चावी ऑन... एक, दोन. स्टार्ट. आता मी गप्प बसतो, तुम्ही काट्याकडे बघा.