लंगोट खुंटीला टांगल्यावर: पैलवानाचं अंग सुटतं कशामुळे?

नमस्कार मंडळी. ठाण्यात तलावपाळीला सकाळी सहा वाजता चक्कर मारा. मोडलेले कान, जाडजूड मान आणि सुटलेलं पोट असा एखादा काका हमखास दिसतो. एके काळी जत्रेत त्याच्या कुस्तीला माणसं झाडावर चढून बसायची. आज जिना उतरताना त्याला कठडा धरावा लागतो. शरीर कसं कमवायचं हे वस्ताद शिकवतात, पण ते उतरवायचं कसं हे तालमीत फारसं कुणी सांगत नाही. आज आपण तेच बघणार आहोत.

सुरुवात खुराकापासून. लढणाऱ्या पैलवानाचा दिवसाचा हिशेब धरा: दोन लिटर म्हशीचं दूध, १०० ग्रॅम तूप, १०० ग्रॅम बदाम. दुधाच्या जवळपास १९०० कॅलरी, तुपाच्या ९००, बदामाच्या ५८०. म्हणजे जेवण, अंडी, मटण धरायच्या आधीच ३३०० च्या वर गेलो. सकाळ-संध्याकाळ जोर, बैठका, लढत असेल तेव्हा हे सगळं जिरतं. पण कुस्ती सुटली आणि खुर्चीतली नोकरी लागली, की ९० किलोच्या माणसाला दिवसाला अडीच हजारांच्या आसपास पुरतात. भूक मात्र जुनीच राहते. मेहनत एका दिवसात बंद होते, खुराक दहा वर्षं चालू राहतो. अंग सुटतं ते इथे.

त्यामुळे मेहनत आणि खुराक, दोन्ही एकदम तोडू नका. तीन महिने घ्या. पहिल्या महिन्यात तूप निम्मं, तिसऱ्या महिन्याअखेर दिवसाला तीन चमचे. दूध दोन लिटरवरून एक, मग अर्धा. बदाम मूठभर, २५-३० ग्रॅम. डाळ, अंडी, मासे, चिकन मात्र कापू नका. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर चरबीच्या आधी स्नायू उतरतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

[टेप हातात घेऊन]

आता ही शिंप्याची टेप. वजनकाट्यापेक्षा पैलवानाला हीच जास्त खरं सांगते. उंची-वजनाच्या तक्त्यात कसलेला मल्लही लठ्ठ निघतो, कारण काट्याला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही. कंबर मोजा: श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा.

हीच टेप दंडाला लावा. हे नीट ऐका, कारण इथे रोज चूक होते. बीपीच्या मशीनचा नेहमीचा पट्टा २७ ते ३४ सेंटीमीटरच्या दंडासाठी असतो. पैलवानाचा दंड सहज ३८-४० भरतो. तोच पट्टा ओढूनताणून बसवला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, वरचा आकडा ५ ते २० ने चढू शकतो. मग नसलेल्या बीपीची गोळी चालू होते. दवाखान्यात सरळ सांगा, ‘मोठा पट्टा लावा.’ पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा, मगच मोजू द्या. रक्ततपासणीत मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनचंही तसंच आहे. स्नायू भरपूर असले की तो थोडा वर दिसू शकतो. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. डॉक्टरांना आपण पैलवान होतो हे सांगा.

गुडघ्याचं दुखणं वेगळं. ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. १९५६ च्या मेलबर्नला ते जाऊ शकले नाहीत, कारण गुडघा. पुढे पोलीस खात्यात त्यांनी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. पाय मातीत रोवलेला आणि वरचं धड फिरलं, की गुडघ्यातली गादी फाटते किंवा आतला दोर तुटतो. तरुणपणी मांडीचे स्नायू ते झाकून नेतात. मेहनत सुटली की स्नायू बारीक होतात, पोट वाढतं आणि सगळा भार उघड्या सांध्यावर येतो.

म्हणून पूर्ण खालपर्यंतच्या बैठका बंद. वाटीमागे सगळ्यात जास्त दाब खोल वाकल्यावरच येतो. मागे खुर्ची ठेवा, टेकेपर्यंतच खाली जा, १५ चे तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. जोर चालतील, पण शेकड्यात नको. चालायला तलावपाळीसारखा सपाट रस्ता घ्या. येऊरच्या डोंगराचा चढ दमासाठी चांगला आहे, गुडघ्याला मारतो तो उतार. वर चालत जा, खाली रिक्षाने या. गुडघा मध्येच अडकत असेल किंवा दगा देत असेल तर मालिश पुरे, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तुर्भ्याच्या बाजारात माथाडी म्हणून काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सातारा-सांगलीकडची कितीतरी पोरं तालमीतून थेट गोणीखाली आली. तिथे मेहनत सुटत नाही, त्यामुळे पोट लवकर सुटत नाही, पण मानेला विश्रांतीच नसते. आधी तालमीत पाठीची कमान करून, डोक्यावर भार देऊन केलेले ब्रिज, मग ५० किलोची गोणी. बोटांना मुंग्या येणं, हातातून ग्लास सुटणं, चालताना तोल जाणं, ही मणक्यातली नस दबल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणं अतिशय घातक आहे.

कानाबद्दल थोडक्यात. मोडलेला कान दुखत नाही, पण भोक अरुंद झालेलं असेल तर आत मळ साठतो आणि ऐकू कमी येतं. वय झालं म्हणून सोडून देऊ नका. काडी घालू नका, कानाच्या डॉक्टरांकडून साफ करून घ्या. आणि तुमच्या हाताखालच्या पोराचा कान सुजून मऊ लागला, तर दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्या. आतलं रक्त काढून दाबपट्टी बसवतात. नुसतं रक्त काढून दुसऱ्या दिवशी पोरगं मॅटवर गेलं की कान परत भरतो आणि मग तसाच घट्ट होतो.

शेवटचं, जे आता पोरांना शिकवतात त्यांच्यासाठी. डाव दाखवायचा म्हणून थंड अंगाने ढाक, म्हणजे उचलून टाकायचा डाव, मारू नका. आधी १५ मिनिटं अंग गरम करा. पकड आणि पाय कुठे जातो एवढं सावकाश, उभ्याउभ्या दाखवा. उचलून टाकायचं काम थोरल्या पोराला द्या आणि तुम्ही शिट्टी घेऊन बाजूला उभे राहा.